टेबलावरची टोपी

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशी सालची. त्या साली लष्कराच्या न्यायशाखेत पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच साली आकडेबाईंच्या घरात सासऱ्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. पहिल्या गोष्टीमुळे दुसरी घडली असं त्यांचे यजमान पुढे कित्येक वर्षं गमतीने सांगत, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

आकडेबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. न्यायशाखेत सगळे वकिलीचा कोट घातलेले नाहीतर गणवेशातले. त्यात साध्या सुती साडीतली ही एकटी संख्याशास्त्र शिकलेली बाई. वर्षाला किती खटले, किती सुटले, किती अडकले, याचा तक्ता करून वर पाठवायचा एवढंच त्यांचं काम. तक्ता कोणी वाचत नसे. तरी बाईंना एक आकडा जुळला नाही की चैन पडत नसे. त्या उठायच्या आणि खांद्याच्या उंचीपर्यंत हिरवा रंग दिलेल्या त्या लांब व्हरांड्यातून येरझारा घालायच्या. दारावरचे शिपाई एकमेकांना म्हणत, बाईंची गस्त सुरू झाली, आता आपण बसायला हरकत नाही.

त्या वर्षी गस्त फारच वाढली. कारण असं झालं की एका वर्तमानपत्राने छापलं, लष्करी तुरुंगात डोंगराकडची पोरंच जास्त दिसतात. डोंगराकडचे म्हणजे उत्तरेच्या डोंगरपट्ट्यातले लोक. बोली वेगळी, चेहरेपट्टी थोडी वेगळी, सैन्यात दहात एक. बाकीचे सगळे सपाटीचे. बातमीवरून संसदेत गोंधळ झाला, एक समिती नेमली गेली, आणि समितीने न्यायशाखेला विचारलं की शिक्षा देताना तुम्ही माणूस बघता की गुन्हा बघता ते आकड्यांनिशी सांगा.

आता गंमत अशी होती की न्यायशाखेच्या कागदावर आरोपीचा क्रमांक असे, हुद्दा असे, गुन्हा असे, पण तो कुठला हे नसे. ते असे भरतीशाखेच्या कागदांत. ती शाखा समोरच्याच इमारतीत, मधे फक्त एक अंगण. पण या दोन शाखा म्हणजे एका घरातल्या दोन जावा. चूल वेगळी, हिशेब वेगळा, आणि मीठ मागायला गेलं तरी कपाळावर आठी. तीस वर्षांत कोणी दोन्हीकडचे कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते.

ते काम बाईंनी आणि भोकेबुवांनी केलं. भोकेबुवा कॉम्प्युटरच्या खोलीचे प्रमुख. तरुणपणी ते कार्डांना भोकं पाडण्याच्या यंत्रावर होते, तिथून हे नाव चिकटलं ते सुटलंच नाही. निवृत्तीला आले होते आणि सतत खोकत. त्या खोलीत यंत्रासाठी इतका गारवा ठेवलेला असे की बुवा उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसत आणि म्हणत, यंत्र जगलं पाहिजे, माणसं काय, रोज भरती होतात. दोघांनी क्रमांकाला क्रमांक जुळवत गेल्या दहा वर्षांचे खटले भरतीच्या नोंदींशी जोडले. चार महिने गेले त्यात.

निकाल हाती आला तेव्हा बाईंनी तो दोनदा मोजून पाहिला. सैन्यात दहात एक असलेले डोंगराकडचे खटल्यांत मात्र दहात तीन होते.

कर्नलसाहेब न्यायशाखेचे प्रमुख. उंच, हसतमुख, बोलण्यात लोणी. त्यांनी तक्ता पाहिला आणि शांतपणे पुढचं पान उलटलं. पुढच्या पानावर न्यायालयात काय झालं ते होतं. तिथे सारखा गुन्हा, सारखी शिक्षा. डोंगराकडचा म्हणून कोणाला एक दिवस जास्त नाही. उलट ते थोडे जास्तच निर्दोष सुटत होते. कर्नलसाहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, झालं की मग. आपलं न्यायालय सरळ आहे, उलट त्यांना जरा सांभाळूनच घेतं. ती पोरं तापट आहेत, गुन्हे जास्त करतात, म्हणून जास्त येतात. महिनाअखेर समितीपुढे एक ओळ जाईल, 'भेदभाव आढळला नाही', आणि खाली संख्याशास्त्रज्ञ म्हणून बाईंची सही.

बाई सही न करता बाहेर आल्या आणि व्हरांड्यात चालू लागल्या. साहेबांचं बोलणं बरोबर वाटत होतं आणि ते बरोबर वाटणंच त्यांना बोचत होतं. जास्त गुन्हे करणारा माणूस न्यायालयातून जास्त सुटेल कसा? सुटतो तो ज्याच्याविरुद्धचा पुरावा लेचापेचा. म्हणजे डोंगराकडच्यांचे लेचेपेचे खटलेही वर येत होते आणि सपाटीच्यांचे खालीच कुठेतरी मिटत होते. पण खाली म्हणजे कुठे?

खाली म्हणजे कंपनीत. शिपायाने आगळीक केली की प्रकरण आधी कंपनीच्या कप्तानासमोर जातं. कप्तानाला दोन वाटा. एक, चार दिवस जादा पहारा लावून विषय संपवायचा. त्याचा कागद होत नाही. दुसरी, आरोपपत्र करून वर न्यायालयात पाठवायचं. बाईंनी बुवांना पुन्हा यंत्र सुरू करायला लावलं. या खेपेला त्यांनी गुन्ह्यांचे दोन ढीग केले. एका ढिगात असे गुन्हे जे कप्तानाला वर पाठवावेच लागतात, त्याच्या मनाचा प्रश्न नाही: गाडीखाली माणूस मेला, हत्यार हरवलं, महिन्याच्या वर शिपाई बेपत्ता. दुसऱ्या ढिगात कप्तानाच्या मर्जीतले: उलट बोलला, रजेवरून उशिरा आला, मारामारी केली, पहाऱ्यावरून हलला.

पहिल्या ढिगात डोंगराकडचे दहात एक निघाले. दुसऱ्यात दहात चार.

बुवा खोकता खोकता थांबले आणि म्हणाले, "बाई, माणूस तोच. मग गुन्हा लहान झाला की तो तापट होतो आणि मोठा झाला की थंड, असं कसं?"

म्हणजे खोट कप्तानाच्या उंबऱ्यावर होती. पण उंबऱ्यावर नक्की काय होतं, ते कुठल्या कागदावर नव्हतं. बाईंनी गावाबाहेरच्या छावणीत जाऊन दोन कप्तानांना विचारलं. दोघांनी चहा पाजला, दोघे म्हणाले आम्ही नियमाप्रमाणे चालतो, आणि दोघांचे चेहरे इतके प्रामाणिक होते की बाई परतीच्या बसमध्ये स्वतःवरच चिडल्या. महिनाअखेर जवळ येत चालली. त्या घरी दूध उतू घालवू लागल्या. एकदा यजमानांच्या चहात त्यांनी मीठ घातलं. यजमान शाळेत चित्रकला शिकवत, स्वभावाने गरीब. त्यांनी तो अर्धा पिऊन मग सांगितलं.

घरात आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे मामंजी. बाईंचे सासरे. पायदळात तीस वर्षं काढून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले, ऐंशीला आलेले, पण पाठ अजून काठीसारखी. संध्याकाळी त्यांचे दोन-तीन जुने सोबती येत. ओसरीवर खुर्च्या टाकल्या जात आणि त्याच त्या गोष्टी नव्याने सांगितल्या जात. बाईंनी सून म्हणून आल्यापासून त्या इतक्या वेळा ऐकल्या होत्या की कान आपोआप मिटत.

त्या संध्याकाळी मात्र कान मिटले नाहीत. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या आणि मामंजी सांगत होते की एक पोरगा पहाऱ्यावर झोपलेला सापडला, कप्तान आरोपपत्र लिहायला बसला, आणि मामंजी सकाळीच आत गेले आणि त्यांनी टेबलावर टोपी ठेवली. कप्तान टोपीकडे बघत राहिला. मग त्याने टोपी उचलून परत दिली आणि कागद फाडला. ओसरीवरचे सगळे हसले. एकजण म्हणाला, सार्जंट, तुमची टोपी डोक्यावर कमी आणि टेबलावर जास्त असायची.

बाईंनी ट्रे तिथेच कठड्यावर टेकवला आणि विचारलं, टोपी ठेवणं म्हणजे काय. सगळ्यांना नवल वाटलं, की इतक्या वर्षांत हिला हे ठाऊक नाही. मग त्यांनी हौसेने समजावलं. शिपायाकडून चूक झाली की कंपनीतला कोणी जुनाजाणता कप्तानाकडे जातो, न बोलता आपली टोपी त्याच्या टेबलावर ठेवतो. अर्थ असा की या पोराची हमी माझी. पुन्हा चुकला तर माझी इज्जत गेली. कप्तानाने टोपी परत दिली की प्रकरण तिथेच मिटलं. कुठल्या नियमात नाही, पण सगळ्या सैन्यात आहे. मामंजी म्हणाले, टोपी घालणं वेगळं आणि टोपी ठेवणं वेगळं. पहिलं तुमचे वकील करतात.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पण ज्याच्यासाठी टोपी ठेवायला कोणीच गेलं नाही, त्याचं काय होतं?

"त्याचं काय व्हायचं," मामंजी म्हणाले, "त्याचा कागद वर जातो."

दुसऱ्या दिवशी बाई कचेरी उघडायच्या आधी दारात उभ्या होत्या. सैन्यात एक जुना हुकूम होता, चांगल्या हेतूने काढलेला: डोंगराकडच्यांचे कळप होऊ नयेत, ते सगळ्यांत मिसळावेत, म्हणून एका कंपनीत त्यांची चार-पाचच पोरं द्यावीत. त्यामुळे कंपनीत पोरं असत, पण त्यांच्यासाठी टोपी ठेवील असा त्यांच्याकडचा सार्जंट नसे. तरी काही थोड्या कंपन्यांत योगायोगाने एखादा डोंगराकडचा सार्जंट होता. बाईंनी बुवांना त्या वेगळ्या काढायला सांगितल्या. बुवांनी रुंद कागदाची लांबच लांब पट्टी यंत्रातून ओढली, चष्मा कपाळावर नेला, खाली आणला आणि ती बाईंच्या हातात दिली. त्या कंपन्यांत डोंगराकडचे आणि सपाटीचे सारखेच वर येत होते. आणि तो सार्जंट बदलून गेला की पुढच्याच वर्षी आकडा चढत होता.

बाई तो कागद घेऊन कर्नलसाहेबांकडे गेल्या. साहेबांनी तो फार वेळ वाचला. खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, टोपी? कुठल्या नियमात आहे ही टोपी? बाई म्हणाल्या, साहेब, तुम्हीही कधीकाळी कप्तान होता. साहेब वळले तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण राग नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं की नोकरीतला एकही माणूस समितीपुढे हे कबूल करणार नाही, कारण कबूल करणं म्हणजे नियम मोडल्याची कबुली. आणि कोणी बोललं नाही तर बाईंचा तक्ता म्हणजे हवेतला इमला. समिती विचारेल हे कशावरून, आणि बाईंना उत्तर नसेल.

"एक माणूस आणा," साहेब म्हणाले. "एक माणूस जो समितीसमोर सांगेल की होय, मी टोपी ठेवायचो. तर तुमचा तक्ता मी स्वतः जोडतो. नाहीतर माझी ओळ आणि तुमची सही."

असा माणूस कुठे आहे हे बाईंना साहेबांच्या खोलीतून बाहेर पडायच्या आधीच कळलं होतं. त्या दिवशी त्या बसने न जाता चालत घरी गेल्या, लांबच्या रस्त्याने, आणि दारापाशी येऊन पुन्हा एकदा मागे कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या.

मामंजींनी आधी सगळं नीट ऐकलं. आकड्यांवर मान डोलावली. समितीचं नाव निघालं तेव्हा त्यांची पाठ आणखी सरळ झाली. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की सुनेला काय हवंय. ते उठून उभे राहिले. म्हणाले की तीस वर्षांत आपण एवढी एकच गोष्ट केली जी कोणाच्या हुकमाने केली नाही. लढाईत गोळ्या झाडल्या त्या हुकमाने, बढती घेतली ती हुकमाने. ही टोपी मात्र आपली होती. किती तरी पोरांचे संसार तिच्यावर उभे आहेत. आणि आता घरच्या सुनेने चारचौघांत न्यायचं आणि म्हणायचं की हाच तो अन्यायाचा उगम.

बाई म्हणाल्या, तुम्ही अन्याय केला असं मी म्हणत नाही.

"मग तुझा कागद काय म्हणतो?"

मामंजी आत गेले आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर ते मुलाला सांगत, सून समोर बसलेली असतानाही: तुझ्या बायकोला म्हणावं भाजीत मीठ कमी आहे. यजमान म्हणत, मी म्हणजे फळा आणि डस्टर यांच्यामधला खडू झालोय. ते बाईंना एकटीला म्हणाले, अगं, कर ना सही, एका ओळीने काय आभाळ कोसळणार आहे. बाई म्हणाल्या, अहो, ज्यांच्यावर कोसळायचं त्यांच्यावर कोसळलेलंच आहे, ती ओळ फक्त सांगणार की आभाळ जागेवर आहे. पण बाईंचंही मन दोन्हीकडे ओढत होतं. म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची एकच मिरास, ती आपण उपटतोय, आणि उपटून पुढे काय लावणार हेही माहीत नाही. त्या रात्रभर कूस बदलत आणि सकाळी कचेरीत पेन उघडून त्या ओळीखाली नुसतं धरत आणि पुन्हा मिटत.

समितीच्या आदल्या दिवशी मामंजींनी मुलाला सांगितलं, तुझ्या बायकोला म्हणावं, मी येतो. पण तिच्यासाठी नव्हे. टोपी म्हणजे काय ते त्या लोकांना नीट समजावं म्हणून. उद्या कोणी बंद करायला निघालं तर कोणीतरी तिच्या बाजूने बोललेलं असावं.

समितीची खोली उंच छताची, टेबल घोड्याच्या नालासारखं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या, बारीक आवाजाच्या, हातात पेन्सिल. मामंजी इस्त्रीचा कोट घालून बसले होते आणि त्यांनी खरोखर सुरेख साक्ष दिली. ओसरीवरच्या सगळ्या गोष्टी आल्या. झोपलेला पोरगा आला, ज्याने पुढे पुरातून सहा माणसं काढली. कप्तानाशी भांडलेला आला, जो आता शाळेचा मुख्याध्यापक आहे. सदस्य ऐकता ऐकता हसले, एकाने तर डोळे पुसले. ते म्हणाले, कायद्याला माणूस दिसत नाही, टोपी ठेवणाऱ्याला दिसतो, एवढाच फरक आहे. मागे बसलेले कर्नलसाहेब मान डोलावत होते. बाईंना वाटलं, संपलं. म्हाताऱ्याने बाजी मारली, आणि खरंतर चांगलीच मारली.

मग अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवून विचारलं, अशा किती वेळा तुम्ही टोपी ठेवली असेल? मामंजी म्हणाले, मोजदाद कोण ठेवतो, पण बऱ्याच वेळा. त्यांत डोंगराकडचे किती होते?

मामंजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांना एखादं तरी नाव सापडेल अशी खात्री होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ते आठवू लागले. त्यांनी पाणी मागितलं, प्याले, ग्लास खाली ठेवला.

"एक होता," ते म्हणाले. "त्याच्यासाठी ठेवली नाही, पण तो होता. पहाऱ्यावरून हलल्याचा आरोप होता. दुपारभर भटारखान्याच्या भिंतीशी उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मला वाटलं ऊन चुकवतोय. त्याचं गाव मला माहीत नव्हतं, बाप कोण माहीत नव्हतं. मी चहा प्यायला गेलो."

अध्यक्षबाईंनी हलकेच विचारलं, त्याच्यावर तुमचा काही राग होता का.

"नाही हो," मामंजी म्हणाले. "राग असता तर निदान तो माझ्या लक्षात तरी राहिला असता. आज तुम्ही विचारलंत तेव्हा, चाळीस वर्षांनी, तो मला आठवला."

त्यानंतर कोणी फारसं काही विचारलं नाही. कर्नलसाहेबांनी शब्द पाळला. बाईंचा तक्ता त्यांनी स्वतः अध्यक्षबाईंसमोर नेऊन ठेवला. 'भेदभाव आढळला नाही' ही ओळ गेली नाही. परत येताना टॅक्सीत मामंजी एकदाच बोलले, आणि तेही पुन्हा थेट सुनेशी. म्हणाले, सूनबाई, तुझ्याकडे सगळ्यांचे पत्ते असतात. त्या पोराचा काढून दे.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी तो शोधला. वर्ष, कंपनी, आरोप एवढ्यावरून जुन्या दप्तरातला कागद सापडायला वेळ लागला नाही. तो निर्दोष सुटला होता. पण निकाल लागेपर्यंत सात महिने कोठडीत होता, आणि सुटल्यावर त्याने सैन्य सोडलं होतं. पेन्शन मागायला त्याने पाठवलेल्या अर्जांत त्याचा ताजा पत्ता होता, याच शहरातला, नदीपलीकडच्या बाजूला टायर दुरुस्तीचं दुकान. बाईंनी तो वाचला आणि फाईल मिटली. समितीने कागद एकमेकांशी जोडायची परवानगी दिली होती ती एकाच अटीवर, की त्यातून कोणा एका माणसाचा ठावठिकाणा बाहेर जाणार नाही. बाईंनी तसं लिहून दिलं होतं. त्यांनी मामंजींना सांगितलं, सापडला, जिवंत आहे, पण पत्ता मला देता येत नाही.

मामंजींचा आवाज चढला नाही. म्हणाले, "तू आमच्या सैन्यात पाहिजे होतीस. कागद वर पाठवायला तू मागेपुढे पाहिलं नसतंस." आणि पुन्हा बोलणं बंद झालं, ते दोन महिने.

पुढे काय काय झालं ते सांगायचं तर असं. समितीचा अहवाल निघाला. त्याच्या मसुद्यात बाईंनी शेवटी एक परिच्छेद घातला होता, की टोपी बंद करू नका. प्रत्येक पोराला भरतीच्या दिवशीच कंपनीतला एक जुना माणूस नेमून द्या, जो त्याची टोपी ठेवील. समितीला हे फार भाबडं वाटलं आणि तो परिच्छेद छापला गेला नाही. हुकूम निघाला की टोपी ठेवणं हा गुन्हा आहे आणि प्रत्येक प्रकरणाचा कागद वर आलाच पाहिजे. दोन वर्षांत फरक मिटत आला. डोंगराकडच्यांचे खटले होते तितकेच राहिले. सपाटीचे तिप्पट झाले. कर्नलसाहेबांनी तो तक्ता पाहून बाईंना म्हटलं, घ्या, समता आली. बाईंनी त्या दिवशी व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या की शिपायांनी खुर्ची आणून ठेवली.

मामंजींचे सोबती संध्याकाळी येईनासे झाले. ज्याने टोपी बुडवली त्याच्या ओसरीवर काय बसायचं, असं म्हणत. एकजण मात्र शेवटपर्यंत येत राहिला, पण तो बहिरा होता. मामंजी आणखी सहा वर्षं जगले. सुनेशी बोलू लागले, मीठ कमी आहे हे थेट सांगू लागले, पण पत्त्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. शेवटच्या वर्षात ते यजमानांना घेऊन अधूनमधून बसने फिरायला जात, कुठल्याही बसने, आणि डोंगराकडच्या चेहऱ्याचा म्हातारा दिसला की पुढे जाऊन विचारत, तुम्ही कुठल्या कंपनीत होता. बहुतेक जण सैन्यात नव्हतेच. तो त्यांना भेटला नाही.

भोकेबुवा निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत त्यांचा खोकला थांबला. गारवाच नडत होता. ते मुलीकडे समुद्राकाठी राहायला गेले आणि तिथून बाईंना दर नव्या वर्षी शुभेच्छा पाठवत राहिले, जुन्या भोकांच्या कार्डावर लिहून. कर्नलसाहेब मोठ्या हुद्द्यावर जाऊन निवृत्त झाले. आत्मचरित्रात त्यांनी या प्रकरणाला दीड पान दिलं आणि त्यात बाईंचा उल्लेख 'आमच्या एक सहकारी' असा केला. चौदा वर्षांनी, नव्या साहेबांच्या काळात, प्रत्येक शिपायाला एक जुना माणूस नेमून द्यायचा नियम झाला. तो कोणाच्या डोक्यातून आला याची कोणी चौकशी केली नाही. यजमान शाळेतून निवृत्त होऊन घरी पानाफुलांची चित्रं काढत बसले आणि एका सकाळी चहा पिता पिताच गेले.

टायरवाला मामंजींनंतरही बरीच वर्षं दुकान चालवत होता. बाईंना हे ठाऊक होतं, कारण पेन्शन आणायला जायची त्यांची बस त्याच रस्त्याने जात असे. दुकानाच्या पुढ्यात सिग्नल होता आणि बस तिथे हमखास थांबे. बाई तिथे कधी उतरल्या नाहीत. एकदा मात्र त्यांनी कंडक्टरला हाक मारली, बस थांबली, आणि मग त्या म्हणाल्या की नाही, माझी चूक झाली, पुढचा. पुढे ते दुकान त्याच्या जावयाने विकलं आणि तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे.

आकडेबाई अजून आहेत. ऐंशी ओलांडली, मामंजींचं वय झालं त्यांचं. दर वर्षी न्यायशाखेचा अहवाल मागवून घेतात आणि उभ्याने वाचतात.